चिठ्ठी नसलेला शर्ट

बुधवार, ११ मार्च

दादा,

नमस्कार. हे लिहावं की नाही, यात दोन कागद फाडले. आम्ही बरे आहोत. आईचा खोकला कमी आहे. तू नीट खातोस का, हे तिनं विचारायला सांगितलंय. मी विचारतोय असं समजू नकोस.

लाँड्री चालू आहे. गिऱ्हाईक म्हणशील तर माश्या. तरी आई रोज आठाला शटर वर करते. समोर सायकलवाल्याचं दुकान बंदच. त्याची बायको पायरीवर बसून आमच्याकडे बघत असते. चार महिन्यांत एक शब्द नाही. शिव्या तरी द्यायच्या! काल आई तिला म्हणाली, "ताई, उन्हात नका बसू." ती उठून आत गेली.

मी कॉलेज सोडलं. रागावू नकोस, तो हक्क तुला राहिलेला नाही. वर्गात एकानं विचारलं, "काय रे, आता पुढचा नंबर कुणाचा?" मी खुर्ची उचलली. मध्ये ती आली. तीच, जिच्यावरून तू मला 'प्रेमवीर' म्हणून चिडवायचास. आली होती मला अडवायला, पण उचललेली खुर्ची बघून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दादा, तिच्यावरून जीव ओवाळून टाकला असता मी, आणि ती मलाच घाबरली! खुर्ची ठेवली, निघून आलो. तिचा फोन नाही. वाट बघतो, गाढवासारखा.

आता तुझ्या पत्राचं. 'आईला सांभाळ आणि तोंड बंद ठेव.' दोन्ही एकदम कसं जमवू?

तुझा शर्ट मी धुतला. थंड पाणी, मीठ, मग साबण, आईनंच शिकवलेलं. आणि माझी अक्कल बघ: सवयीनं इस्त्री केली, घडी घातली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांत ठेवून दिला. सगळ्या फळीवर नावाची चिठ्ठी नसलेला तो एकच. पोलिसांनी नेमका तोच ओढला. कॉलरच्या शिवणीत डाग राहिला होता.

"कुणी धुतला?" साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी. या घरात दुसरं कोण धुणार?" आणि मी, एवढा भडक डोक्याचा, मुकाट उभा राहिलो.

उद्या सकाळी अकरा वाजता तिला पुन्हा चौकीवर बोलावलंय. या वेळी ठेवून घेतील म्हणतात. तिनं पिशवी भरलीय: कपड्यांचे दोन जोड, खोकल्याचं औषध. मला सांगते, "इस्त्री फार तापवू नकोस."

मी दहालाच जातोय. तू तिथं नव्हतासच, असं तुझे वकील सांगतात. पण शर्ट माझ्या हातात देताना तू म्हणालास, "सायकलवाला आता उठायचा नाही." तेही सांगीन.

तुला आलेली पत्रं आधी तुरुंगातले साहेब वाचतात, हे ठाऊक आहे. म्हणून अक्षर नीट काढलंय. आत्ताच पेटीत टाकतो, म्हणजे उद्या पाय मागे घेता येणार नाही.

जेवत जा.

शर्ट धुणारा,
तुझा धाकटा