सहा पायऱ्या आणि लाल दोरा

३ मार्च, सकाळी ७
घरात पडलो, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मला या गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात आणलं. खाट नंबर १७. सहा आठवडे. फक्त. मुलानेच सांगितलं. तीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होतो. वेळेवर कसं सुटायचं ते मला कुणी शिकवायला नको. १४ एप्रिलला घरी. पेनाने लिहिलंय, पेन्सिलीने नाही.

४ मार्च
इथली पद्धत समजून घेतली. थोड्या दिवसांच्या पेशंटचे कपडे घरचे लोक धुवायला नेतात. जे कायमचे, त्यांचे इथेच धुतात, आणि अदलाबदल नको म्हणून कॉलरवर मागच्या बाजूला लाल दोऱ्याने खाटेचा नंबर शिवतात. जेवताना मागून पाहिलं. नऊ कॉलरी लाल. बिचारे. त्यांना कळतं तरी की नाही कोण जाणे.

६ मार्च
फिजिओबाई. वय पंचविशीचं, आवाज हवालदाराचा. व्यायामाच्या खोलीत एक लाकडी जिना आहे, सहा पायऱ्यांचा, कुठेच न जाणारा. कुणी न धरता तो चढून उतरलो की घरी सोडणार. रोज दोनदा व्यायाम करा म्हणाल्या. निश्चय: रोज तीनदा.

७ मार्च
एकदा केला. अर्धा.

११ मार्च
नवा विचार. ताकद बॅटरीसारखी असते. रोज वापरली की उतरते. तेव्हा साठवायची, आणि परीक्षेच्या दिवशी एकदम काढायची. फिजिओबाईंना सांगितलं, कंबर दुखते. त्या म्हणाल्या, आजोबा, काल तर गुडघा होता. म्हटलं, माझं दुखणं फिरतीच्या नोकरीवर आहे.
शेजारच्या खाटेवरचे मास्तर (लकवा, डावी बाजू) दिवसभर त्या जिन्याशी झोंबत असतात. मी खुर्चीतून सूचना देतो. आज म्हणाले, टाइमकीपर, तुम्ही गाड्या सोडल्यात हो, पण चालवली कधी एखादी? उत्तर सुचलं, पण तोवर ते तिसऱ्या पायरीवर होते.

१६ मार्च
मुलगा आणि सूनबाई आले. कपड्यांची पिशवी नेली. मी ती मुद्दाम सगळ्यांदेखत दिली. माझ्या खोलीत नातीचं टेबल लावलंय म्हणे. परीक्षेपुरतं. बरोबरच आहे, जागा रिकामी कशाला ठेवायची? माझी खाट कुठे हलवली ते विचारायचं राहिलं.

३० मार्च
मुलगा एकटाच. बराच वेळ ऑफिसात केंद्राच्या मॅडमशी बोलत होता. पिशवी न्यायला विसरला. कामाचा व्याप. माझ्यासाठी स्वेटर मात्र आणला, तोही कपडेवाल्या मावशींच्या हाती, छान घडी करून पाठवला. उन्हाळ्यात स्वेटर! पोराला बापाची काळजी. मास्तर त्या घडीकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. मास्तर आणि गप्प! प्रकृती बिघडली असणार.

२ एप्रिल
मास्तर घरी गेले. सहाही पायऱ्या. फिजिओबाईंनी शिट्टी वाजवली, खरोखरची. जाताना माझा हात धरून म्हणाले, अहो, रोज एकच पायरी करा, पण करा. जन्मभर उपदेश केला, सवय सुटत नाही.
दुपारी त्यांच्या खाटेकडे पाठ करून झोपलो. त्या बाजूने ऊन येतं.

९ एप्रिल
निश्चय: उद्यापासून.

१२ एप्रिल
उद्यापासून. आज पाय थरथरले. साठवलेल्या ताकदीमुळे असावं.

१४ एप्रिल, सकाळी १०
परीक्षा. पहिली पायरी चढलो. दुसरीवर पाय ठेवला, पण पायाने अंग उचललंच नाही. कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, ना वर ना खाली. फिजिओबाईंनी मागून कंबरेला धरून उतरवलं. हळू आवाजात म्हणाल्या, होईल आजोबा. हवालदाराचाच आवाज बरा होता.
जिना सदोष आहे. दुसरी पायरी उंच. टेप मागून मोजली.
सगळ्या सारख्या आहेत.

संध्याकाळी ५
मुलाला फोन केला. म्हणाला, बाबा, घरी दिवसभर कुणी नसतं, पुन्हा पडलात तर? तिथेच राहा आता. म्हटलं, मी तेच सांगायला फोन केला होता. इथली हवा मला मानवते. त्याने फोन ठेवला. मी बराच वेळ कानालाच धरून होतो.

१५ एप्रिल
मावशी सुई-दोरा घेऊन आल्या. म्हणाल्या, आजोबा, द्या सगळे सदरे एकदमच, परत परत नको. दिले. स्वेटरही पुढे केला, तर म्हणाल्या, त्याला नको, त्याला नंबर मागेच घातलाय की, तुमच्या मुलाने आणला त्याच दिवशी.
घडी मोडून पाहिली. १७. टाके सुबक आहेत.

१६ एप्रिल
मास्तरांच्या खाटेवर नवा माणूस आला. फक्त सहा आठवड्यांसाठी, असं त्याने मला दोनदा सांगितलं. जेवताना तो माझ्या मागे बसला होता. माझ्या कॉलरीकडे बघत होता.
बिचाऱ्याला वाटतं, मला कळत नाही.