बारा वीसचं फाटक

प्रिय करुणाताई,

नळाचा पाइप धरून मी मोरीत उभी होते आणि हे दारात मांडी घालून सोनियाच्या वेण्या घालत होते. आठ दिवसांनी पाणी आलं होतं. दोन्ही ड्रम, बादल्या, कळशी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. तिची एक वेणी कानाच्या वर, एक खाली. मी म्हटलं, सोडा, मी नीट घालते. तर पोरगीच म्हणाली, राहू दे, पप्पांनी घातलीय. मग निघताना नेहमीचं. तिच्या शर्टाच्या वरच्या बटणावर अंगठा दाबून ह्यांनी विचारायचं, हजर? तिनं ओरडायचं, हजर! त्या सकाळी दुसरं काही झालं नाही. ह्यांना जाऊन दीड वर्ष होईल, पण दवाखान्यातले दिवस मला कमी आठवतात, ही सकाळ जास्त.

तुम्ही फोनवर विचारता कसं चाललंय, मी बरंय म्हणते आणि ठेवून देते. कागदावर मला जास्त जमतं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचन ह्यांनी आणलेल्या पेपरवर आणि विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

वाळूजच्या कंपनीत मी आता पॅकिंगला आहे. सव्वासहाला बस येते, घरी यायला सव्वाचार होतात. सोनिया चौथीत, तिची शाळा सकाळची, बारा वीसला सुटते. अतुल पहिलीत, त्याची साडेबाराला भरते. शाळा एकच, पण खोल्या कमी, म्हणून लहान-मोठ्यांच्या दोन पाळ्या. आजवर माझी आई फुलंब्रीहून येऊन राहिली होती. पण वहिनीचे दिवस भरत आलेत, महिनाअखेर आईला जावंच लागेल. पाळणाघरवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळी एक, दुपारी दुसरं, म्हणजे माझी दिवसभराची जागा अडते. एकाला ठेवते, दुसरीचं तुम्ही बघा.

तेवढ्यात तुमचा फोन आला. सोनियाला सोयगावला धाडून दे, मी माझ्या लेकीसारखी सांभाळते. तुम्ही तिथल्या शाळेत विचारूनही ठेवलं, तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. फोन ठेवल्यावर मी रडले, पण सुटल्यासारखं वाटून. मनाला समजावलं, एवीतेवी ही भावंडं दिवसभर एकमेकांना दिसतात कुठं? एक येतं तेव्हा दुसरं जातं.

गेल्या गुरुवारी सुट्टी टाकून मी शाळेत गेले, सोनियाच्या दाखल्याचा अर्ज दिला. उद्या येऊन दाखला घेऊन जा म्हणाले. बाहेर आले तर घंटा झाली. आई अतुलला घेऊन फाटकाशी उभी होती. मी चिंचेच्या सावलीत होते, त्यांनी मला पाहिलं नाही. सोनिया धावत आली. डब्यात तिनं शाळेतली खिचडी थोडी राखून आणली होती. दोन घास त्याला भरवले, रुमालानं तोंड पुसलं, दटावलं, "वर्गात झोपायचं नाय. काल झोपला व्हता, मला कळलंय सगळं." तो म्हणाला, "मी नव्हतो झोपलो, डोळे मिटले व्हते." मग तिनं त्याच्या वरच्या बटणावर अंगठा दाबला. हजर? तो ओरडला, हजर! आणि पळत आत गेला. आईला नंतर विचारलं तर म्हणते, रोजचंच हाये, त्यात काय सांगायचं.

त्या संध्याकाळी पाणी आलं. समोरच्या मुक्ताबाईंचे हंडे मीच उचलून देते. त्या पंचवीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता एकट्याच असतात. म्हणाल्या, "लेकीला धाडती म्हणं?" मी सगळं सांगितलं, दोन पोरं, दोन वेळा, कोणी घेत नाही. त्या हंडा तसाच सोडून हसायला लागल्या. "अगं येडे, दोन पोरं हायेत कुठं? एका टायमाला एकच तर हाये. नातू न्यायचा, नात आणायची, एकाच फेरीत काम. मला का नाय इचारलं?" खरंच, का नाही विचारलं? ह्यांच्या आजारपणात त्यांनी एवढं केलं होतं, की आणखी मागायला मला तोंड नव्हतं. पैसे देईन म्हटलं, तर हो म्हणाल्या, पण वर एक अट घातली. डोळ्यात मोतीबिंदू आहे, तेव्हा संध्याकाळी अतुलला आणलं की अर्धा तास मी त्यांना वाचून दाखवायचं. "आणि रडकं नको, लई ऐकलंय." सकाळी बसला जाताना झोपलेलं पोरगं त्यांच्याकडं टाकायचं, सोनिया तिथूनच गल्लीतल्या मुलींबरोबर शाळेत जाईल.

ताई, तुम्हाला राग येईल, वाईट तर वाटेलच. रिकामा कप्पा रोज डोळ्यांसमोर दिसत असेल. पण एक मला सांगायचंय, बटणावरचा अंगठा आणि ते हजर तुमचं आहे. लहानपणी ह्यांना, तुमच्या धाकट्या भावाला, शाळेत सोडताना तुम्ही रोज तसं करायचात. तुमच्याकडून ह्यांच्याकडं आलं, ह्यांच्याकडून सोनियाकडं, आणि आता ती तिच्या भावाला देते. फाटकावरची ती भेट मला मोडवेना. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनाही घेऊन येते, एकाच कप्प्यात दोघांचे कपडे मावतील. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. मुक्ताबाईंशी ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि दाखल्याचा अर्ज परत घेतला.

तुमचीच,
रूपा