दोन चुली, एकच घर

३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इजा झालेल्या उंदरांच्या हृदयात नव्या पेशी तयार होताना तुला दिसल्या, हे वाचून मी लगेच डॉक्टरांना फोन केला आणि बायपासची तारीख रद्द केली. उंदराचं हृदय आपोआप भरून येतं, तर जन्मभर पोरांना पळवणाऱ्या पीटी मास्तरचं का नाही? झटका काय, येतो नि जातो.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. जिना चढताना मध्येच बसावं लागतं, पण तिथे वारा छान येतो. लेकीची विद्या बापाच्या कामी आली, आणखी काय हवं!

पत्र लिहीत जा, लोभ आहेच.

तुझे बाबा

१० मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून हातातला चहा सांडला. बाबा, माझी मोजणी चुकली! पेशी दोन व्हायला निघाली की तिच्या केंद्रकात आमचा हिरवा रंग चमकतो. मी चमकणारे ठिपके मोजले आणि प्रत्येक ठिपका म्हणजे नवी पेशी असं धरून चालले. परवा पेशींच्या कडाही रंगवून पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी एकाच पेशीत दोन केंद्रकं. हृदयाच्या पेशींची ही जुनीच खोड. घरात दोन चुली मांडतात, पण मधली भिंत काही घालत नाहीत. मी मात्र वाटणी झाल्याची दवंडी पिटून मोकळी. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई एवढंच म्हणाल्या, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

खरोखर दोन झालेल्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना जमतं हे, पण तुम्ही काही पिल्लू नाही. पाया पडते, तारीख परत घ्या. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण रागवायला राहा.

तुमचीच,
भिंगरी

१६ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

तारीख मिळाली, येत्या मंगळवारची. आईचं मौन सुटलं आणि तिने साठलेलं सगळं एकदम वसूल केलं.

तू उगाच रडत बसू नकोस. छाती उघडायची म्हटल्यावर मला धडकी भरली होती. बुडत्याला काडीचा आधार, तसे तुझे उंदीर मिळाले. तू झुरळांवर लिहिलं असतंस, तरी मी तारीख रद्द केलीच असती.

डॉक्टरांना एकच अट घातली आहे, मुलगी आल्याशिवाय मला आत न्यायचं नाही. ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा हो म्हणाले.

मोजणी चार दिवस थांबेल. भीती वाटते गं. तू ये.

बाबा