दस्त्याची आतली बाजू

सेंत-ओनोरिन, उत्तर मेन, अमेरिका
मंगळवार, १९ ऑगस्ट १९९७

चि. जोसेट हिला बाबाचे आणि आईचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझी तब्येत कशी आहे ते सांग. मग जावयाच्या, मकारच्या खांद्याचं सांग. दोरखंडाने खांदा निखळला एवढंच लिहिलंस. तो नीट बसवला का, हात डोक्यापर्यंत जातो का, त्या कुशीवर झोपता येतं का? माझ्या नातीचे, अनिसियाचे पुढचे दात आले की अजून खिडकी उघडीच आहे? सासूबाईंचा, फेक्लाबाईंचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं, धुराड्यापाशी बसून मासे धुरवायचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्या ऐकायच्या नाहीत, पण म्हणावं. आणि तो एका डोळ्याचा कुत्रा आहे ना अजून?

इकडे आईचे गुडघे जिना चढताना बोलतात, पण जीभ त्याहून जास्त बोलते, तेव्हा काळजी नको. माझे कान निम्मे गेले. त्यात आईला सोय वाटते आणि मलाही. बटाटा यंदा बरा आहे. तीन आठवड्यांत काढणी सुरू होईल.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आईने तीनदा वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग मी पुन्हा स्वतः वाचलं. त्यातलं तुझंच वाक्य इथे उतरवतो, म्हणजे मला ते चुकवता येणार नाही:

"मकारचा हात वसंतापर्यंत रायफल धरणार नाही. हिवाळ्याचं मांस यंदा मलाच आणावं लागेल. इथे हरीण पाडलं की वासावर अस्वल येतं, म्हणून दोन्हींना पुरेल अशी बोल्टची रायफल हवी. दुकानदार मोठी मॅग्नम घ्या म्हणतो. ऐन वेळी मी डोळे मिटते हे तुम्हाला माहीतच आहे, बाबा. डोळे मिटणाऱ्या बाईला चालेल अशी कुठली, ते तुम्ही सांगा."

आई शेवटच्या वाक्याला हसली. मी पत्र खिशात घालून शेडमध्ये गेलो आणि एकाच फळीला इतका वेळ रंधा मारत बसलो की फळी कामातून गेली.

दुपारी गावात गेलो. वाण्याकडे, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला सांगितलं की माझी पोरगी अलास्कात कोडियाक बेटावर स्वतःची होडी हाकते, जाळी टाकते, आणि आता घरासाठी शिकारीला निघाली आहे. पंपावरचा म्हणाला, "काका, हे तुम्ही जूनमध्येपण सांगितलं होतं." मी म्हटलं, "जूनमध्ये फक्त होडी होती."

आता कामाचं.

गोळी थर्टी-ऑट-सिक्स या मापाची घे. जुनी, साधी आणि सगळीकडे मिळणारी. बेटावरच्या शेवटच्या दुकानातसुद्धा तिची काडतुसं असतील. इतर कुठल्या झकपक गोळीची नसतील. हरणाला मध्यम वजनाची गोळी भर. मात्र हरीण खाली पडलं आणि तू सुरी काढलीस, की सुरी चालवण्याआधी ती मध्यम गोळी काढून दोनशेवीस ग्रेनची जड गोळी भरायची. हा क्रम इतका अंगवळणी पाड की अनिसियाचे बूट बांधतेस तसा हात आपोआप चालला पाहिजे.

मॅग्नम नको. दुकानदाराला काय, तो काउंटरच्या मागे उभा असतो. तिथे अस्वल येत नाही आणि खांद्यावर धक्काही बसत नाही. ज्या रायफलची भीती वाटते तिच्याने कुणी सराव करत नाही. जिच्यावर तू साठ गोळ्या मारल्यास आणि एकसष्टावी मारावीशी वाटली, ती तुझी.

काडतूस आत ढकलणारा बोल्ट ओढताना रायफल खांद्यावरून खाली आणायची नाही. दुकानातच करून बघ. गाल दस्त्यावर, हात मागे, पुढे, झालं. बोल्टला काडतुसाची कड घट्ट धरणारी मोठी पकड आहे का ते पाहा. घसरलीस, पडलीस, रायफल वाकडी झाली, तरी तशा पकडीतलं काडतूस सुटत नाही. रायफलीवरची दुर्बीण लहान घे. कोडियाकच्या झुडपात लांबचं दिसतच नाही, आणि अस्वल जवळचंच असतं.

आणि हे रायफलीहून महत्त्वाचं. एकटी जाऊ नकोस. मकारच्या मामांना बरोबर घे, त्यांना तिथलं माझ्याहून शंभरपट कळतं. मोठ्याने बोलत जा. अस्वलाने हरीण मागितलं तर देऊन टाक. हरणं पुन्हा मिळतात.

राहिला दस्ता. लाकडी घेऊ नकोस. प्लास्टिकचा घे.

हे वाक्य लिहून मी कॉफी आणायला उठलो, तेवढ्यात आईने कागद वाचला.

"अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच."

"पंचवीस वर्षं तुमच्या अक्रोडाचा भुसा मी धिरड्यांतून काढते आहे. अख्ख्या नदीकाठच्या लोकांना दस्ते कोरून दिलेत. आणि पोटच्या पोरीला प्लास्टिक?"

"तिकडे पाऊस फार."

"इथे काय साखर पडते?"

मी म्हटलं, पेनातली शाई संपली. ती आत गेली, दुसरं पेन घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि समोर बसून वाटाणे सोलायला लागली. बावन्न वर्षांच्या संसारात एवढं तरी तिला कळतंच.

तर हे दुसरं पेन आहे, जोसेट. म्हणून अक्षर जरा बदललं आहे.

त्या नोव्हेंबरचं सगळं तुला आठवत असेल, पण मी माझ्या बाजूने सांगतो. तू चौदाची होतीस. मी आयुष्यातला पहिला चांगला दस्ता नुकताच केला होता, मॅपलचा, वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेघांचा. माझी शाळा आठवीत सुटली, सुतारकाम कुणी शिकवलं नाही, जे आलं ते लाकूड बिघडवून आलं. त्यामुळे त्या दस्त्यावरून हात फिरवताना मला राजा झाल्यासारखं वाटायचं. जवसाच्या तेलाचे अकरा हात दिले होते. तो माझ्या मापाचा होता, तुझ्या नव्हता, तरी मी तीच रायफल तुझ्या हातात दिली. लोकांनी बघावं, दस्ता आणि मुलगी दोन्ही, असं मनात होतं.

तीन दिवस झिमझिम पाऊस होता. ऐंशी पावलांवर देवदाराच्या दोन खोडांमध्ये हरणाचा फक्त खांदा दिसत होता. तू गोळी मारलीस. हरीण गेलं. रक्त नाही, केस नाही.

शिकारीच्या कॅम्पवर, झोपडीत, तुझ्या क्लोव्हिसकाकाने रिवाजाप्रमाणे तुझ्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकलं. नेम चुकलेल्या प्रत्येकाचं तिथे आहे, माझी स्वतःची तीन आहेत. तू हसत होतीस. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणीतरी विचारलं, "एवढ्या जवळून चुकलीच कशी?" आणि मी म्हणालो, "डोळे मिटले तिने. मी पाहिलं."

तू म्हणालीस, "नाही मिटले, बाबा."

मी आठ पुरुषांसमोर म्हणालो, "चुकलं तर चुकलं म्हणावं, जोसेट. खोटं कशाला बोलायचं?"

तुझं हसू गेलेलं मी पाहिलं. पुढच्या वर्षी तू कॅम्पवर आली नाहीस, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि अठराची झालीस तेव्हा नकाशात सगळ्यात लांबचं ठिकाण शोधून तिथे निघून गेलीस.

मी तुझे डोळे पाहिले नव्हते. मी हरणाकडे पाहत होतो.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी म्हातारपणी विसरलोही असतो. पण आठ दिवसांनी मी सापळे बघायला त्याच वाटेने गेलो. डावीकडच्या देवदारात गोळीचं भोक होतं. खोडांमधल्या फटीपासून वीतभर डावीकडे, आणि उंची नेमकी हरणाच्या खांद्याची. वर नाही, खाली नाही. मी घरी आलो, रायफल लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून पाच गोळ्या मारल्या. पाचही वीतभर डावीकडे.

दस्ता उघडला तेव्हा कळलं. बाहेरून अकरा हात तेल दिलं होतं. आतून, जिथे नळी बसते त्या खाचेत, एकही नाही. दिसत नाही तिथे कशाला द्यायचं, असा माझा हिशेब. उघड्या लाकडाने तीन दिवस पाऊस प्यायला, फुगलं, वाकलं आणि नळीला बाजूला ढकललं. तुझा हात हलला नव्हता. डोळे उघडे होते. मिटलेल्या डोळ्यांनी कुणी इतकी बरोबर उंची मारत नाही.

मी खाच तासली, आतून तेल दिलं, स्क्रू बसवले आणि गप्प बसलो. त्या आठवड्यात तिघांनी माझ्याकडे दस्ते सांगितले होते. लाज वाटली म्हणून गप्प बसलो असं लिहिणं सोपं आहे, पण खरं ते नाही. मला माझ्या दस्त्याचा अभिमान होता, आणि तो मी तुझ्या नेमापेक्षा वर ठेवला.

येत्या नोव्हेंबरात बावीस वर्षं होतील. मला वाटायचं, पोर तिकडे सुखात आहे, विसरली असेल. विसरली नाहीस, उलट माझं खोटं तू खरं धरून चाललीस. ते घेऊन तू अस्वलांच्या रानात गेलीस तर तुला कुठलीच रायफल पुरणार नाही. म्हणून लिहितो.

आईने वाटाणे संपवले आणि हे सगळं वाचलं.  मग म्हणाली, "हे पोस्टात टाकायच्या आधी कॅम्पवर जा. तिला जिथे खोटारडी म्हणालात, तिथे जाऊन बोला."

रविवार, २४ ऑगस्ट

काल जाऊन आलो. उद्यापासून अस्वलाच्या शिकारीचा हंगाम, म्हणून सगळे लाकडं फोडायला आले होते. त्या आठांपैकी पाच जण उरले आहेत, बाकी त्यांची मुलं. मी उभा राहून सांगितलं, तुला लिहिलं तसंच, भोकासकट.

 मग क्लोव्हिस म्हणाला, "ओव्हिद, शहात्तर साली मी तुझ्याकडून दस्ता करून घेतला."

"हो."

"त्याला आतून तेल लावलंस ना?"

"तुझ्यापासूनच लावायला लागलो."

"म्हणजे माझे सगळे नेम माझ्यामुळेच चुकले?"

"सगळे."

मग काय, सगळे इतके हसले की त्याचा मुलगा धावत आत आला. हसू ओसरल्यावर क्लोव्हिस भिंतीपाशी गेला, खिळा उपटला आणि तुझ्या शर्टाचा तुकडा माझ्या हातात दिला. निळ्या चौकटीचा रंग उडाला आहे. म्हणाला, "पोरीला लिही. म्हणावं, क्लोव्हिसकाका म्हणतो, ऐंशी पावलं, पावसात, दुसऱ्याच्या मापाच्या रायफलने, आणि उंची बरोबर. आमच्यातल्या कुणाला जमली असती का ते विचार." मी विचारलं. कुणी हात वर केला नाही.

जोसेट, त्या भिंतीसमोर माझी मान खाली होती, पण छाती भरून आली होती. परत येताना ट्रकमध्ये एकटाच मोठ्याने म्हणत होतो, ऐंशी पावलं!

आता नीट ऐक. दुकानात जा. रायफल हातात घे, डोळे मीट, तशीच खांद्याला लाव आणि मग डोळे उघड. समोर दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुझ्या मापाचा. मान पुढे काढावी लागली तर लांब, परत ठेव. लाजू नकोस, दहा वेळा परत ठेव.

घरी आल्यावर मकारला चांगल्या हाताने काडतूस भरायला सांग, कधी खरं, कधी नुसती रिकामी पुंगळी. कुठलं भरलंय ते तुला सांगायचं नाही. तू चाप ओढ. रिकाम्या पुंगळीवर चाप ओढताना नळी जागची हलली नाही, तर तू दचकत नाहीस. मला तर उत्तर माहीत आहे. ते तुला तुझ्या डोळ्यांनी दिसायला हवं, बाबाच्या शब्दावर आता नको.

कुठली घ्यायची ते मी सांगणार नाही. वरचं सगळं सल्ला म्हणून घे, पटेल ते ठेव. एकदा मी तुझ्यासाठी निवडली आणि काय झालं ते लिहिलंच आहे. ही तू निवड. हरणासाठी, अस्वलासाठी, आणि घरी अनिसियाकडे परत येण्यासाठी.

माफी मागतो. कधी द्यायची, द्यायची की नाही, ते तुझं तू ठरव. त्याची घाई नाही. पण मकारने दहा वेळा काडतूस भरलं, तेव्हा नळी किती वेळा हलली, एवढं मात्र त्याच दिवशी लिहून टाक आणि पत्र लगेच पाठव. आईने पोस्टमनला आधीच सांगून ठेवलंय की अलास्काचं पत्र पेटीत टाकायचं नाही, दार वाजवायचं.

त्या दिवशी तू खरं बोललीस हे माहीत असलेला,
तुझा बाबा