मावशीच्या घरातला जिना

तीर्थस्वरूप मावशी,

आम्ही या देशात नवे होतो. ओळख ना पाळख, तरी तुम्ही मला भाची म्हणालात, स्वतःच्या घरपट्टीची पावती दाखवलीत, म्हणून मला शाळेत घेतलं.

आता त्याच शाळेत प्रवेशाचे कागद मी तपासते. इथल्यांच्या करावर परक्यांची पोरं शिकवायची नाहीत, असा ठराव झालाय. काल एक बाई अशीच भाची घेऊन आली. मी मुलीला लाडानं विचारलं, "मावशीच्या घरात जिना कुठे गं?" तिनं वळून त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. मी अर्ज परत केला.

तेव्हापासून ती पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. उलट मलाच विचारते.

हे पत्र टाकायची माझी छाती नाही. पण मावशी, तुमच्या घरात जिना कुठे होता? मी तर तुमचा उंबरठाही कधी ओलांडला नव्हता.

तुमची,
कागदावरची भाची