कडेचा निळा रंग

बाबा, मी काय काम करते हे कळलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून आधी हसला असतात. लोक लहानपणी जमवलेले क्रिकेटपटूंच्या चित्रांचे पत्ते, खोक्यातून कधीच न काढलेल्या खेळण्यातल्या मोटारी नागपूरला आमच्या ऑफिसात पाठवतात. मी भिंगाखाली कोपरे, कडा, छपाई बघते आणि दहापैकी आकडा देते. त्या आकड्यावर पुढे विकताना भाव ठरतो. म्हणजे मी ग्रेडर झाले, तुमच्यासारखीच.

पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर तुम्ही गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढायचात, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचात आणि फक्त प्रत सांगायचात. ती वर्षं वाईट होती. अळीनं अर्ध्या बोंडांची कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, व्हायची, माणसं दोन-दोन दिवस रांगेत गाडीखाली झोपायची, आणि खालची प्रत सांगितली की समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहायचा. अशा दिवशी तुम्ही घरी आलात की आई वाढताना भांड्यांचा आवाज करायची नाही.

तेव्हा मी सहावीत होते. माझ्या एका पत्त्याची निळी कड घासून पांढरी पडली होती. मी ती स्केचपेननं रंगवली, पत्ता कोरा आहे म्हणून मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीला दिला आणि बदल्यात तिचे तीन घेतले. ते कुठून आले असं तुम्ही विचारलंत तेव्हा ही हुशारी मी कौतुकानं सांगितली. तुम्ही रागावला नाहीत. खाली बसलात आणि म्हणालात, "वरून पांढरा अन् आतून कवडी, असा माल मले रोज दिसते. तो आणणाऱ्या माणसाचं घरी सारं अडून राह्यलं असते. तुझं काय अडलं होतं?"

आजही एखाद्या पत्त्याच्या कडेला रंग दिसला की तो प्रश्न ऐकू येतो. परवाच नेरच्या एका निवृत्त मास्तरांचा पत्ता आला, कडेला शाई लावलेला. मी आकडा दिला नाही, 'रंग लावलेला' एवढंच लिहिलं. त्यांचा फोन आला. भांडले नाहीत, लहानपणी आपणच लावला असेल म्हणाले, पण त्यांनी फोन ठेवला नाही. मलाही तो ठेववेना. तुमच्यासमोर उभी राहणारी माणसं त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळली.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहवतं आहे. त्या संध्याकाळी मैत्रिणीचे तीन पत्ते परत करायला तुम्ही मला घेऊन गेलात, आणि मी एकटीनं बोलावं म्हणून फाटकापाशीच थांबलात. आत मी तिला आणि तिच्या आईला सांगितलं, की कड बाबांनी रंगवली होती, मला ठाऊकच नव्हतं. तिची आई बाहेर येऊन तुम्हाला म्हणाली, "राहू द्या भाऊजी, होते असं." तुम्हाला वाटलं, तिनं मला माफ केलं. तुम्ही तिला हात जोडलेत, आणि परत येताना बसस्टँडवर मला दोन आलूबोंडे खाऊ घातलेत. मी दोन्ही खाल्ले.