वगळलेली नळी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. गारखेडा.

दिवसभर प्रयोगशाळेत. सर बाहेर गेल्यावर उरलेल्या गोठवलेल्या पेशी काढल्या आणि त्यांनी वगळलेला आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे तुलनेची नळी, लावला. रंग तोच, पण अँटिबॉडी पेशीवरचं काहीच न ओळखणारी. ती नळी अंधारी दिसायला हवी होती. खऱ्या नळीइतकीच चमकली. म्हणजे या पेशींवर काही नवं सापडल्याचा सरांचा शोध हा नुसता कुठंही चिकटलेला रंग.

अण्णा गेले त्या दिवशी मी याच पेशी रंगवत होते. फुलंब्रीहून फोन आला. वडिलांचं अवघड आहे म्हणून सुट्टी मागितली, तर सर म्हणाले, "म्हातारी माणसं घाबरवतातच गं. पेशी थांबत नसतात." कंट्रोल लावू का विचारलं, तर, "उगं अँटिबॉडी नासू नको."

आज मी निघताना परत आलेल्या सरांनी विचारलं, "उद्याच्या परिषदेचा आलेख तयार आहे ना?"

"हो, सर."

मी एवढंच बोलले. आत्ता सांगितलं तर गुपचूप भाषण बदलतील. नकोच. भरल्या सभागृहात दाखवू देत. मग उठून विचारीन, कंट्रोल कुठंय? अण्णांना हे आवडलं नसतं. तरी विचारणार. तितकीच चमकली ती नळी, अगदी तितकीच.

कुकर लावला. एकटीपुरता भात.